पाण्याच्या वर हातभर

मार्च संपत आलेला. सकाळी सातच्या सुमाराला मी आणि माझी मैत्रीण नाशिकला दसकच्या घाटापासून पुढे गोदावरीच्या काठाने चाललो होतो. मैत्रीण पक्षीवाली, म्हणजे गळ्यात दुर्बीण, मातकट रंगाचा शर्ट आणि निम्मं बोलणं कुजबुजत. मी आपली चालायला म्हणून गेलेली. एका नाल्याच्या तोंडाशी देवनळाच्या उंच गवताचं दाट रान माजलंय, तिथे एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून विळ्याने ते कापत होता. काठावर जुनी स्प्लेंडर, तिच्या मागच्या सीटवर आधीच एक भारा बांधलेला, इतका मोठा की गाडी मागून दिसतच नव्हती. मैत्रिणीचं कुजबुजणं एकदम संपलं. "अहो दादा, कशाला तोडताय? पक्ष्यांची घरं असतात त्यात!" त्याने मान वर केली, कपाळावरचा घाम कोपराने पुसला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, घरी म्हशी पण असत्यात. त्यांना काय घालू, पेपर?" मग विळ्याचं टोक नाल्याकडे करून, "आन् हे तुमच्याच बिल्डिंगचं पाणी पिऊन वाढलंय. पक्ष्यांनी नाय वाढवलं." मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, त्यानेही माझ्याकडे पाहिलं, जणू मी पंच. मी काय बोलणार, मी एका बाजूने म्हशीवाल्यांची भाची आणि दुसऱ्या बाजूने या बाईची शाळेपासूनची मैत्रीण. मी विचारलं ते भलतंच. "आवडीने खातात का हो म्हशी?" तो हसला. "आधी हे खात्यात, मग लसूणघास."

घरी आल्यावर पोहे केले, मुलाला उठवलं, ऑफिसला गेले, सगळं झालं, पण ते डोक्यातून जाईना. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांचंही मला पूर्ण पटलं नव्हतं.

देवनळ बहुतेकांनी पाहिलेला असतो, फक्त त्याकडे बघितलेलं नसतं. पुलावरून जाताना काठाला जे उंच हिरवं काहीतरी दिसतं ते. लोक त्याला सरसकट पाणकणीस म्हणून टाकतात, पण पाणकणसाला ते तपकिरी, सोट्यासारखं कणीस येतं आणि पानं बुडापासून सरळ उभी सुटतात. देवनळाचं तसं नाही, हे खरंखुरं गवत, पेरापेरांचं, आतून पोकळ, माणसाच्या दुप्पट उंचीला सहज जाणारं, आणि पानं खोडाच्या दोन्ही बाजूंनी फुटलेली. वारा सुटला की सगळी पानं एकाच दिशेला वळतात आणि जो आवाज येतो तो पावसाचा वाटतो, लहानपणी मी कितीतरी वेळा वर आभाळाकडे बघून फसलेय. पावसाळा संपता संपता तुरे येतात, आधी जांभळट, मग दिवाळीच्या पुढे रुपेरी होत जाणारे. पूर्वी लिहायचे बोरू याच्याच जातकुळीतल्या काड्यांचे असायचे, माझ्या आजोबांच्या पेटीत एक होता, टोकाला शाई वाळून काळाकुट्ट झालेला. आपल्याकडे जास्त करून फ्रॅगमायटीस कर्का ही जात, आणि जगभर जिचा बोलबाला ती तिची बहीण फ्रॅगमायटीस ऑस्ट्रॅलिस, युरोपपासून चीनपर्यंत सगळीकडे. बहिणी इतक्या सारख्या की तुमच्या-माझ्यासारख्याला वेगळ्या ओळखू येणार नाहीत.

माझं आजोळ निफाड तालुक्यात, सायखेड्याच्या बाजूला, गोदावरीच्या अगदी काठाला. आता तिकडे द्राक्षं, कांदे, ऊस असं सगळं आहे, पण मी सांगतेय तेव्हा मामाचा जीव होता तो गोठ्यात. म्हशी, एक-दोन गाया, बैलजोडी, रेडकं. मे महिन्यात आम्ही भाचरं तिकडे पडीक. उन्हाळ्यात ओल्या चाऱ्याची मारामार असायची. ऊसतोड संपली की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, संपलं, घासाला पाणी पुरायचं नाही, राहिला कडबा, आणि कडब्यावर म्हैस दूध देते ती काय उपकार केल्यासारखी. नेमकं तेव्हाच नदीचं पाणी ओसरलेलं असायचं आणि काठच्या चिखलातून देवनळाचे नवे कोंब वर आलेले, फिकट हिरवे, टोकदार. कंद खाली ओल्यात बसलेले असतात, त्यांना पावसाची वाट बघायची गरजच नसते, त्यामुळे रानात सगळं करपलेलं असताना हा पठ्ठ्या फुटत असतो. मामा पहाटे इळा घेऊन निघायचा, मी आणि मामेभाऊ मागे. मनगटाला गोणपाटाची पट्टी गुंडाळायची, नाहीतर पानाच्या कडा हात चिरतात. ते चिरणं लगेच कळत नाही, घरी येऊन मीठ-मसाल्यात हात घातला की कळतं. कापलेल्या देवनळाचा वास मला अजून नाकात आहे, उसाच्या पाल्याचा गोडसर वास आणि खालून येणारा कुजक्या चिखलाचा, दोन्ही एकत्र. पोकळ काडीच्या पिपाण्या करायचो, त्या वाजायच्या कमी आणि थुंकीच जास्त.

मामाचा एक नियम होता. पाण्याच्या वर हातभर सोडून कापायचं. बुडापासून ओढून, पाण्याखाली विळा घालून कापलं की तो जाम चिडायचा, एरवी पोरांना कधी हात न लावणारा माणूस, पण मामेभावाला त्याने यावरून पाठीत धपाटा घातलेला मला आठवतो. आम्हाला वाटायचं भारा लहान होतो, निम्मं तर पाण्यातच ठेवून येतोय आपण. आणि दुसरं म्हणजे सगळं रान कधी साफ करायचं नाही, एका अंगाने पट्टा घ्यायचा, बाकीचं तसंच उभं. आणलेला भारा पण लगेच गव्हाणीत नाही, आधी पडवीत पसरून सुकवायचा, दुपारपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत.

का, ते त्याने कधी सांगितलं नाही. "तसंच असतंय" एवढंच.

त्या सकाळनंतर मी वाचत सुटले. रात्री जेवणं झाली की मोबाईल घेऊन बसायचं, नवरा म्हणाला पीएचडी करतेस का गवतावर. पण एक गोष्ट वाचली आणि मी उठून पाणी प्यायले, इतकं बरं वाटलं. देवनळाचे कंद ज्या चिखलात असतात तिथे ऑक्सिजन जवळपास नसतोच. मग ते जगतात कसे? तर वरच्या हिरव्या खोडांमधून हवा खाली ढकलली जाते, उन्हाने आतली हवा तापते, दमट होते, दाब तयार होतो आणि ती कंदापर्यंत पोचते, आणि बाहेर पडते ती जुन्या, वाळलेल्या, मोडक्या खोडांमधून. म्हणजे ते वाळके खुंट, जे आपल्याला कचरा वाटतात, ती त्या झाडाची धुराडी. पाण्याखाली कापलं की पोकळ नळीत पाणी शिरतं, हवेची वाट बंद, आणि कंद खाली गुदमरून कुजतो. युरोप-अमेरिकेत जिथे हे गवत नको असतं तिथे मुद्दाम पाण्याखाली कापून मारतात. आणि मामा हातभर ठेवायचा म्हणून दरवर्षी त्याच काठाला, त्याच जागी त्याला चारा मिळायचा.

दुसरी गोष्ट आणखी भारी, निदान ज्याच्या दारात जनावर आहे त्याच्यासाठी. पाणथळीतल्या छोट्या गोगलगायींमध्ये एक पर्णकृमी वाढतो, डॉक्टर लोक लिव्हर फ्लूक म्हणतात. त्याची पिल्लं गोगलगायीतून बाहेर पडून पाण्यातल्या, पाण्याच्या कडेच्या गवताला चिकटतात आणि कवच करून बसतात. जनावराने ते गवत खाल्लं की ती पोटात, तिथून यकृतात. म्हैस खंगत जाते, दूध तुटतं, जबड्याखाली पाणी भरून सूज येते. आमच्याकडे अशी सुजलेली म्हैस मी पाहिलीय, आजी म्हणायची नजर लागली. तर ही चिकटलेली कवचं असतात ती मुख्यतः पाण्याखालच्या आणि पाण्याला टेकलेल्या भागावर. वर हातभर सोडून कापलं, वरून चांगलं सुकवलं, की धोका बराच उतरतो, साफ जातो असं नाही. मामाला गोगलगायीचं माहीत असणं शक्य नाही. त्याच्या आधी कुणाच्या तरी म्हशी मेल्या असतील, कुणीतरी दोन गोठ्यांमधला फरक बघितला असेल, आणि मग तो नियम होऊन खाली आला असेल. असं मला वाटतं, पुरावा काही नाही.

आता चारा म्हणून हे कसं, तर सगळी गंमत वयाची आहे. कोवळा देवनळ, तुरा यायच्या खूप आधीचा, गुडघा-मांडीएवढा, यात प्रथिनं भरपूर, कोरड्या वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपासही जातात, म्हणजे कडब्याच्या कितीतरी वर. तोच तुऱ्यावर आला की प्रथिनं उतरून चार-पाच टक्क्यांवर येतात आणि राहतो नुसता तंतू आणि काष्ठ, वरून त्यात वाळूचाच अंश म्हणजे सिलिका. तेव्हा म्हैस पानं ओढून खाते आणि दांडे गव्हाणीत तसेच सोडते. कुट्टी मशीनमधून काढला तर थोडा अधिक खपतो, पण पोट भरतं, दूध नाही भरत. त्यामुळे त्या स्प्लेंडरवाल्याचं "आधी हे, मग घास" हे मार्चमधलं वाक्य आहे, डिसेंबरमध्ये तो ते म्हणणार नाही. कोवळा असताना याचा मुरघासही, म्हणजे हवाबंद मुरवलेला ओला चारा, चांगला होतो, चीनमध्ये वाळवून, मुरवून जनावरांना घालतातच. आपल्याकडे मात्र मुरघास म्हटलं की मका. नदीकाठचं फुकटचं गवत मुरवायला घातलं तर शेजारी हसतील.

वाचता वाचता मी इराकमध्ये जाऊन पोचले. टायग्रिस आणि युफ्रेटिस जिथे एकत्र येतात तिकडच्या दलदलीत माअदान नावाचे लोक राहतात, त्यांचं सगळं आयुष्य या दोन गोष्टींवर, देवनळ आणि म्हशी. घरं देवनळाच्या मोळ्यांची, कमानीसारख्या वाकवून उभ्या केलेल्या, एक खिळा नाही. सकाळी होडी घेऊन निघायचं, कोवळे कोंब कापून आणायचे, म्हशींना घालायचे, बाकी दिवसभर म्हशी पाण्यात पोहत स्वतःच चरतात. शेणाच्या गोवऱ्या, दुधाची साय. फोटो बघताना मला सायखेड्याचीच माणसं वाटली, फक्त डोक्यावर वेगळा रुमाल. १९९० च्या दशकात सद्दाम हुसेनच्या सरकारने ती दलदल मुद्दाम सुकवली, कालवे खणून पाणी वळवलं, कारण बंडखोर तिथे लपतात. देवनळ गेला, म्हशी गेल्या, माणसं देशोधडीला लागली. २००३ मध्ये सरकार पडल्यावर लोकांनी स्वतःच बांध फोडले, पाणी आलं, आणि देवनळ परत उगवला. दहा वर्षं वाळलेल्या जमिनीतून. २०१६ मध्ये युनेस्कोने त्या दलदलीला जागतिक वारसा केलं. आता पुन्हा तिथे पाणी कमी पडतंय, पाणी खारावतंय आणि म्हशी मरतायत अशा बातम्या येत असतात. त्या मला वाचवत नाहीत, पण वाचते.

मैत्रिणीची बाजू मी विसरलेले नाही. तिच्यामुळेच मला कळलं की देवनळात किती जण राहतात. वटवट्या दिसत नाही पण त्याची किरकिर चालूच असते, ती तासन् तास त्याच्यासाठी बसते. जांभळी पाणकोंबडी तर स्वतःच चारा कापणारी, लालबुंद लांब बोटांच्या पायात कोवळा कोंब धरते आणि सोलून आतला गाभा खाते, नांदूर-मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात बंधाऱ्याजवळून बघितलं की दिसतं. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी संध्याकाळी अशाच उंच गवतात उतरतात. पावसाळ्यात काही सुगरणी पाण्यावरच्या देवनळाला आणि पाणकणसाला घरटी टांगतात. हे सगळं खरं आहे. आणि म्हणून एखाद्या विळेवाल्याला बघून तिचं डोकं सटकतं हेही मला समजतं.

पण मग भरतपूरचं काय करायचं?

नांदूर-मध्यमेश्वरला आपण सगळे कौतुकाने महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतो. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचा ब्रिटिशकाळचा बंधारा, त्यात वर्षानुवर्षं साठलेला गाळ, त्या गाळाची झालेली बेटं, आणि त्यावर आलेलं गवत आणि पक्षी. म्हणजे मुळात ही जागा माणसाने कालव्याच्या पाण्यासाठी केलेली, पक्षी नंतर आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून पेपरात फोटो आले, तेव्हा मामेभावाने स्टेटस ठेवलेलं. तर खऱ्या भरतपूरला, राजस्थानातल्या पक्ष्यांच्या उद्यानात, १९८२ मध्ये गुरं चारायला बंदी घातली. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात चरत होत्या, त्या एकदम बाहेर. लोक चिडले, गोळीबार झाला, त्यात गावकरी मेले. आणि पुढे झालं काय, तर म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत असं माजलं की उघडं पाणीच उरेना, बदकांना उतरायला जागा नाही, मासे कमी. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने तिथे १९८० पासून दहा वर्षं अभ्यास केला होता, आणि निघालं ते हेच, की म्हशींची बंदी पक्ष्यांच्याच मुळावर आली. ज्यांनी आधी बंदी हवी म्हटलं होतं त्यांच्यातल्याही काहींना मत बदलावं लागलं. हे मी मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "ते पास्पॅलम नावाचं गवत होतं, देवनळ नव्हे, आणि तिथे तोडायला जेसीबी नव्हता." दोन्ही मुद्दे बरोबर. ती हुशार आहे, म्हणून तर भांडायला मजा येते.

पण त्या स्प्लेंडरवाल्याचं दुसरं वाक्य मला जास्त टोचलं. तुमच्याच बिल्डिंगचं पाणी. देवनळ जी हवा कंदापर्यंत नेतो त्यातली थोडी मुळांमधून चिखलात झिरपते, आणि त्या हवेवर मुळांभोवती जिवाणू जगतात, ते घाण खातात. जर्मनीत १९५० च्या दशकात केटे झायडल नावाच्या बाईंनी पाणवनस्पतींनी सांडपाणी साफ होतं का याचे प्रयोग सुरू केले, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, आज जगभर देवनळ लावलेले वाफे सांडपाणी गाळतात. आपल्या नाल्यांच्या तोंडाशी हा कुणीही न लावता, कुणाचंही बिल न घेता तेच करत उभा आहे. आणि सांडपाण्यातलं नत्र पिऊन त्याची पानं होतात गडद, रसरशीत, नदीच्या स्वच्छ काठापेक्षा दुप्पट हिरवी. म्हशीला काय कळतं, माणसालासुद्धा तोच भारा चांगला दिसेल. शिसं, कॅडमियम वगैरे जड धातू असतील तर ते बरेचसे मुळांत आणि कंदांतच अडकून राहतात, पानात कमी चढतात, तेवढं बरं. पण कमी म्हणजे नाहीच असं नव्हे, आणि पुराच्या पाण्याने पानावर जो मैल्याचा थर बसतो त्याचं काय. आपण फ्लश करतो, देवनळ ते पितो, म्हैस देवनळ खाते, आणि सकाळी सहाला पिशवी आपल्याच दारावर अडकवलेली असते. आपल्या वाड्यात, सोसायटीत बसून हे चक्र आपल्याला कुणीच दाखवत नाही, आणि दाखवलं की चहाचा घोट थोडा थांबतो, एवढंच, मग जातो खाली.

त्याला मी काय म्हणणार होते, की इथलं नका कापू, दुसरीकडचं कापा? दुसरीकडे आहे कुठे? शहराच्या वर घाट झाले, भिंती झाल्या, फरशा झाल्या. २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आहे, आणि कुंभ आला की नदीचे काठ 'स्वच्छ' करायची घाई आपल्याकडे काय असते ते नाशिककरांना सांगायला नको. जेसीबी उतरतो, पानवेली म्हणजे जलपर्णी काढायला म्हणून, आणि त्याच सपाट्यात काठचा देवनळ मुळासकट उपटला जातो. पानवेली वेगळी, ती तरंगती, बाहेरून आलेली, पावसाळ्यात वाहत जाऊन सायखेड्याच्या पुलाला अडकते आणि पाणी गावात घुसतं, तिला काढलंच पाहिजे. पण देवनळ काठ धरून ठेवतो. २०१९ च्या पुरात मामाच्या वावराचा जो बांध देवनळाच्या मागे होता तो टिकला, आणि जिथे भावकीतल्या एकाने ओरबाडून मोकळं केलं होतं तिथे वाफा-दोन वाफे माती नदीत गेली. आणि उपटून तो जातो असंही नाही, कंदाचे तुकडे पाण्याबरोबर खाली जातात आणि जिथे नको तिथे रुजतात. चिरडून मात्र जातो. डॅन्यूब नदीच्या मुखाशी, रोमानियात, जगातलं एक प्रचंड मोठं देवनळाचं रान आहे, तिथे कम्युनिस्ट सरकारला कागदाचा लगदा हवा होता म्हणून १९५० च्या दशकापासून अवजड यंत्रं घातली. यंत्रांच्या वजनाखाली चिखलातले कंदच पिचले, दरवर्षी पीक घटत गेलं. विळ्याने शतकानुशतकं कापलं तरी जे झालं नव्हतं ते काही वर्षांत चाकांनी केलं.

त्यामुळे माझं मत विचाराल तर कापायला हरकत नाही, उलट कापावाच. न कापलेला देवनळ वाळतो, पडतो, पाण्यात कुजतो आणि त्याने प्यायलेलं सगळं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यातच जातं. कापून बाहेर नेला तर तेवढी घाण नदीतून गेली. पण फाल्गुन-चैत्रात, घरटी बांधायला लागायच्या आधी, पट्ट्यापट्ट्याने, निम्मं उभं ठेवून, हाताने, आणि पाण्याच्या वर. नाल्याच्या तोंडचा म्हशीला नको, तो खताच्या खड्ड्यात घाला, छपराला घाला, चटया करा. नांदूर-मध्यमेश्वरच्या काठच्या गावांना वर्षातले ठरलेले दिवस विळा घेऊन आत जाऊ दिलं तर बेटांच्या गवताचंही भलं होईल आणि अभयारण्य म्हणजे आपल्या चाऱ्यावर आलेलं संकट असं जे काही जुन्या लोकांच्या मनात बसलंय ते थोडं तरी हलेल. हे मी मैत्रिणीला म्हटलं, ती म्हणाली लिहून दे, आमच्या ग्रुपवर टाकते, मग बघ कसे तुटून पडतात तुझ्यावर. म्हणून लिहायला बसले खरं तर.

लिहिताना खात्री करायला मामेभावाला फोन लावला. मामा आता नाही. भाऊ गोठा सांभाळतो, मुक्त गोठा केलाय, मुरघासाच्या बॅगा, दूध काढायचं मशीन, सगळं. मी त्याला धुराड्यांचं सांगितलं, गोगलगायीचं सांगितलं, तो "हां, हां" करत होता, मागे कुट्टी मशीनचा आवाज. मग म्हणाला, "आगं ताई, नियम पाठ हाये मला, धपाटा मीच खाल्लाय. पण आता पाण्यात उभं राहायला माणूस कुठून आणू? द्राक्षाला मिळंना, देवनळाला कोण येतंय. ग्रास कटर घेतलाय, तो काठानं चालतो, पाण्यात बंद पडतो." मी म्हटलं, मग कापतोस की नाही? "कापतो ना. उन्हाळ्यात मक्याचा भाव बघ आधी. हातभर वरूनच, मशीनमुळं आपोआप तेवढंच राहतं." आणि सुकवतोस? यावर तो थोडा गप्प झाला. "सुकवायला जागा कुठंय, पडवीत आता पोरांच्या गाड्या असत्यात." मग एकदम, "ती पारगाभण म्हैस खराब झालीय जरा, जबड्याखाली सूज हाये तिला. तू म्हणती तेच असंल का? औषध कुठलं ते व्हॉट्सअ‍ॅप कर." मी म्हटलं औषध मी नाही सांगणार बाबा, गाभण आहे ती, डॉक्टरला बोलव, शेण तपासून घे. "त्यो सोमवारी येतो. तूच फोन कर त्याला, माझं उचलत नाय, उधारी हाये."